स्पर्शवरची दिव्यांगत्व पेन्शन: पैसे वेळेवर येतात, दर मात्र स्वतः तपासा

संरक्षण खात्याची पेन्शन आता बँकेच्या पेन्शन सेलमधून येत नाही. ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून ती थेट खात्यात जमा होते आणि तिचा कारभार प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन) या संरक्षण लेखा कार्यालयाकडे आहे. कुलाब्यापासून कल्याणपर्यंतच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या पत्नींना, हवी असो वा नसो, हीच सेवा वापरावी लागते. दुसरीकडे जायची सोय नाही, म्हणून तिची नीट पारख करणं गरजेचं आहे. हे परीक्षण फक्त दिव्यांगत्व पेन्शन आणि पतीमागे पत्नीला मिळणारी फॅमिली पेन्शन यांपुरतं आहे, कारण सर्वात जास्त पैसे अडकतात ते इथेच.

आधी मत सांगतो. नियमित रक्कम जमा करणं, महागाई दिलासा वाढला की तो लावणं, पेन्शन स्लिप दाखवणं यात स्पर्श चांगली आहे. बँकेच्या काळात पेन्शनरला खात्यात एकच आकडा दिसायचा. आता त्या आकड्यात मूळ पेन्शन किती, डिसॅबिलिटी एलिमेंट (दिव्यांगत्वाचा भाग) किती, दिलासा किती आणि कम्युटेशनची (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याची) कपात किती, हे वेगवेगळं दिसतं. ही मोठी सोय आहे. पण पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, मुळात जे लिहिलंय तेच ही प्रणाली वाटते. टक्केवारी चुकीची चढली असेल, राउंडिंग (टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेणं) लागलं नसेल, पत्नीचं नाव अर्धवट असेल, तर प्रणाली स्वतःहून काही पकडत नाही. दरमहा वेळेवर, नेमाने, चुकीची रक्कम येत राहते. म्हणून लॉगिन केल्यावर पहिलं काम पासवर्ड बदलण्याचं आणि दुसरं हिशेब मांडण्याचं.

हिशेब अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. सगळ्याचा पाया म्हणजे शेवटचे गणनेयोग्य वेतन. त्यात पे मॅट्रिक्समधला (वेतन तक्त्यातला) मूळ पगार येतो, मिलिटरी सर्व्हिस पे येतो (सातव्या वेतन आयोगात जवान आणि जेसीओंना (ज्युनियर कमिशन्ड अधिकाऱ्यांना) ५,२०० रुपये, ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांना १५,५००), आणि लागू असेल तर एक्स ग्रुपचा (तांत्रिक पात्रतेच्या जवानांचा) पे व क्लासिफिकेशन अलाउन्स. महागाई भत्ता यात धरायचा नाही. घरभाडं, फील्ड अलाउन्सही नाही. डिस्चार्जच्या वेळच्या शेवटच्या पगारपत्रकाची प्रत जपून ठेवलेली असेल तर हे दोन मिनिटांत निघतं. नसेल तर पीपीओवर गणनेयोग्य वेतनाचा आकडा असतो, तो घ्या.

समजा हा आकडा ४०,००० रुपये आहे. दिव्यांगत्व पेन्शनचे दोन भाग असतात. पहिला सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे वेतनाच्या ५० टक्के: २०,०००. दुसरा डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे १०० टक्के दिव्यांगत्वासाठी वेतनाच्या ३० टक्के: १२,०००. दिव्यांगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. ५० टक्क्यांना ६,०००, ७५ टक्क्यांना ९,०००. या दोन्ही भागांवर महागाई दिलासा मिळतो. जुलै २०२५ मध्ये तो ५८ टक्के होता, त्या दराने ५० टक्के दिव्यांगत्व धरलेल्याचे २६,००० दिलाशासह ४१,०८० होतात. कम्युटेशन घेतलं असेल तर त्याची कपात यातून होते, पण दिलासा पूर्ण पेन्शनवर मिळतो आणि १५ वर्षांनी कापलेला भाग परत सुरू होतो. ती तारीख स्लिपशी ताडून पाहा.

आता राउंडिंग. फौजेत याला ब्रॉड बँडिंग म्हणतात आणि सर्वात जास्त पैसे इथेच राहून जातात. मेडिकल बोर्डाने दिलेली टक्केवारी जशीच्या तशी लावायची नसते. ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि ७६ ते १०० असेल तर १००. म्हणजे बोर्डाने ३० टक्के लिहिलं तरी पैसे ५० टक्क्यांचे. वरच्या उदाहरणात राउंडिंगशिवाय ३,६०० आणि राउंडिंगसह ६,००० रुपये. फरक २,४०० चा, दिलासा धरून महिन्याला ३,७९२ रुपये. वर्षाचे ४५ हजारांच्या वर गेले.

ही सवलत आधी फक्त आजारपणामुळे किंवा जखमेमुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना, म्हणजे इनव्हॅलिड आउट झालेल्यांना, १ जानेवारी १९९६ पासून होती. पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही ती लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात स्पष्ट केलं. तरी जुन्या पीपीओंवर राउंडिंग आपोआप लागलंच असेल असं गृहीत धरू नका. स्पर्शमध्ये आपला पीपीओ डाउनलोड करा आणि त्यात दोन टक्केवाऱ्या शोधा: बोर्डाने ठरवलेली आणि पैसे देण्यासाठी धरलेली. दोन्ही सारख्याच असतील आणि आकडा २०, ३०, ४० असा असेल, तर थांबा. राउंडिंग लागलेलं नाही.

२० टक्क्यांची खालची मर्यादाही ध्यानात ठेवा. सेवा पूर्ण करून बाहेर पडताना १५ टक्के दिव्यांगत्व असेल तर डिसॅबिलिटी एलिमेंट मिळत नाही. त्यामुळे बोर्डाने १५ ते १९ टक्के लिहिलेली प्रकरणं अपिलात नेण्यासारखी असतात. दोन वेगळे आजार असतील तर एकत्रित टक्केवारी, म्हणजे कॉम्पोझिट, किती धरली आहे तेही बघा. ती साधी बेरीज नसते, बोर्ड ती वेगळ्या पद्धतीने काढतं, म्हणून ३० आणि २० मिळून ५० नाही झाले तर लगेच चूक समजू नये.

लढाईतली जखम असेल तर दर पूर्ण बदलतात. डिसॅबिलिटी एलिमेंटच्या जागी वॉर इंज्युरी एलिमेंट येतं. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्याला ते १०० टक्के जखमेसाठी वेतनाच्या ६० टक्के, आणि जखमेमुळे घरी पाठवलेल्याला वेतनाच्या १०० टक्के. पुन्हा ४०,००० च्या वेतनावर, ५० टक्के धरून: पहिल्याला १२,०००, दुसऱ्याला २०,०००, आणि त्याच्या वर सर्व्हिस एलिमेंट वेगळं. साध्या डिसॅबिलिटी एलिमेंटचे ६,००० कुठे आणि हे कुठे. म्हणून जखम कोणत्या वर्गात नोंदली गेली आहे याला इतकं महत्त्व आहे. वर्ग पाच आहेत. ए म्हणजे सेवेशी संबंध नसलेलं कारण. बी म्हणजे सेवेमुळे झालेला किंवा सेवेने वाढलेला आजार. सी म्हणजे ड्युटीवरचा अपघात. डी म्हणजे अतिरेकी किंवा समाजकंटकांच्या हल्ल्यासारख्या घटना, आणि ई म्हणजे युद्ध, शत्रूची कारवाई, सुरुंगाचा स्फोट वगैरे. स्फोटात जखमी झालेल्याच्या कागदावर सी लिहिलेलं असेल तर ते तपासायलाच हवं. त्याला पुरावा म्हणून आयएएफवाय-२००६ हा इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा (फौजेतल्या अंतर्गत चौकशीचा) निष्कर्ष लागतो.

१०० टक्के दिव्यांगत्व असेल आणि सतत मदतनीस लागतो असं बोर्डाने लिहिलं असेल, तर कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स मिळतो. १ जुलै २०१७ पासून तो ६,७५० रुपये ठरला आणि महागाईचा दर ५० टक्क्यांना पोचला की २५ टक्क्यांनी वाढतो, असा नियम आहे. तो दर २०२४ च्या जानेवारीत ५० टक्के झाला, तेव्हा स्लिपवर अजून ६,७५० च दिसत असतील तर तक्रार नोंदवा.

एक मर्यादा इथेच स्पष्ट करतो. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम लागू झाले आहेत आणि त्यात सेवेत राहिलेल्यांसाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ ही वेगळी तरतूद आहे. त्या तारखेनंतर बाहेर पडलेल्यांनी वरचा हिशेब जसाच्या तसा लावू नये. आणि जुन्या निवृत्तांची रक्कम वन रँक वन पेन्शनच्या (समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन) तक्त्यांनुसार ठरते. हे तक्ते १ जुलै २०१४ चे, मग १ जुलै २०१९ चे आणि आता १ जुलै २०२४ चे आहेत. हुद्दा, ग्रुप आणि सेवेची वर्षं यांच्या ओळीत बोट ठेवून आपला आकडा बघायचा. दिव्यांगत्वाच्या भागाचा तक्ता वेगळा असतो. फक्त सर्व्हिस पेन्शनचा तक्ता बघून समाधान मानू नका.

आता पत्नीच्या पेन्शनकडे येऊ. स्पर्श सेवेची खरी परीक्षा इथे होते आणि गुण इथेच कमी द्यावे लागतात. दोष एकट्या प्रणालीचा नाही. कागद वर्षानुवर्षं अपुरे राहिलेले असतात आणि ती उणीव उघडी पडते ती घरातला माणूस गेल्यावर.

पहिली गोष्ट, जी अनेक वहिनींना कुणी सांगितलेली नसते: पतीचा डिसॅबिलिटी एलिमेंट त्यांच्या मृत्यूबरोबर थांबतो. तो पत्नीकडे येत नाही. पती नैसर्गिक कारणाने गेले असतील तर साधी फॅमिली पेन्शन मिळते, शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, किमान ९,००० रुपये. पण सुरुवातीचा काळ वाढीव दराचा असतो, म्हणजे ५० टक्क्यांचा. सेवेत असताना मृत्यू झाला असेल तर १० वर्षं, आणि निवृत्तीनंतर झाला असेल तर ७ वर्षं किंवा पती ६७ वर्षांचे झाले असते ती तारीख, यांपैकी जे आधी येईल तिथपर्यंत. पती ६७ वर्षांनंतर गेले असतील तर थेट ३० टक्के. आपल्या उदाहरणात २०,००० वरून एका महिन्यात १२,००० वर रक्कम येते आणि बाई घाबरून बँकेत धाव घेतात. ती चूक नाही. पण ती तारीख बरोबर आहे का, हे मात्र जरूर बघावं, कारण पतीची जन्मतारीख चुकीची चढली असेल तर वाढीव दर वर्षभर आधीच बंद होऊ शकतो. पतीच्या कम्युटेशनची कपात फॅमिली पेन्शनमधून होत नाही. झालेली दिसली तर ती चूक आहे.

पतीचा मृत्यू सेवेशी जोडलेल्या कारणाने झाला असेल तर स्पेशल फॅमिली पेन्शन, वेतनाच्या ६० टक्के. युद्धात किंवा शत्रूच्या कारवाईत झाला असेल तर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, वेतनाइतकी पूर्ण. ४०,००० च्या वेतनावर साधी १२,०००, स्पेशल २४,०००, लिबरलाइज्ड ४०,०००. वर दिलासा.

यातली मधली पायरी सर्वात जास्त हुकते. पती निवृत्तीनंतर, घरी किंवा हॉस्पिटलात गेले, पण ज्या आजारासाठी त्यांना दिव्यांगत्व पेन्शन होती त्याच आजाराने गेले, तर पत्नीला स्पेशल फॅमिली पेन्शन मागता येते. उदाहरणार्थ, हृदयविकार सेवेमुळे झाल्याचं मान्य होतं आणि मृत्यूही हृदयविकारानेच झाला. साधी आणि स्पेशल यांतला फरक १२,००० चा, दिलाशासह १८,९६० रुपये महिन्याला. पण प्रणाली हे विचारत नाही. मृत्यूची नोंद केली की साधी फॅमिली पेन्शन सुरू होते आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. स्पेशलसाठी रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे सैनिकाची सेवेची कागदपत्रं ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याला आधार लागतो तो मृत्यूच्या वैद्यकीय कारणाच्या प्रमाणपत्राचा. महापालिकेच्या मृत्यू दाखल्यावर कारण नसतं. कारण असतं ते डॉक्टरने भरलेल्या फॉर्म ४ वर (हॉस्पिटलात मृत्यू झाला असेल तर) किंवा ४-ए वर (घरी झाला असेल तर). डॉक्टर घाईत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढंच लिहितात. त्याने काही सिद्ध होत नाही. त्या फॉर्मवर मूळ आजार लिहायच्या वेगळ्या ओळी असतात. जुना आजार त्यात यावा म्हणून पतीच्या मेडिकल बोर्डाची प्रत आणि ईसीएचएसची (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची) उपचारांची कागदपत्रं डॉक्टरांना त्याच वेळी दाखवा. प्रत मागून घ्या, डिस्चार्ज समरीही घ्या. दुःखाच्या दिवसांत हे करणं कठीण असतं हे आम्ही जाणतो. घरातल्या पुतण्याला, भाच्याला, शेजारच्या कुणाला तरी हे काम आधीच सांगून ठेवावं.

पतीने फौजेनंतर दुसरी सरकारी नोकरी केली असेल, तर दोन फॅमिली पेन्शन एकत्र घेता येतात, २४ सप्टेंबर २०१२ पासून. मुंबईत हे बऱ्याच घरांना लागू होतं, कारण इथे माजी सैनिक फौजेतून आल्यावर रेल्वेत, बंदरात, महापालिकेत दुसरी नोकरी करतात. वय ८० झालं की फॅमिली पेन्शनवर २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला १०० टक्के जादा मिळतात. पीपीओवर पत्नीची जन्मतारीखच नसेल तर ही वाढ प्रणाली लावणार कशी? ती तारीख आजच चढवून घ्या.

नावांचा घोळ तर आपल्या महाराष्ट्राचा खास. लग्नानंतर मुलीचं पहिलं नावही बदलायची चाल अनेक घरांत होती. रेकॉर्ड ऑफिसच्या नोंदीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच, आणि बँकेच्या पासबुकावर फक्त आद्याक्षरं. पती हयात असताना हे दुरुस्त करायला त्यांचा एक अर्ज, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि गरज पडली तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद पुरते. पती गेल्यावर त्याच कामाला कित्येक महिने लागतात, आणि तेवढे महिने चूल कशावर पेटवायची? पती हयात असतानाच स्पर्शमध्ये पत्नीचं आधार, पॅन, जन्मतारीख आणि संयुक्त फोटो ही चार कामं उरकावीत.

मृत्यूनंतरचा क्रम असा: महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून मृत्यू दाखला काढा, स्पर्शच्या संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रातून मृत्यूची नोंद करा, दाखला अपलोड करा, पत्नीचं खातं आणि आधार भरा. नंतर पत्नीची स्वतःची पहिली ओळखपडताळणी होते. ती झाल्याशिवाय फॅमिली पेन्शन नियमित चालू होत नाही. मृत्यूनंतर पतीच्या नावावर जमा झालेली पेन्शन काढू नका. खातं संयुक्त असलं तरीही नाही. ती नंतर वसूल होते, आणि नेमकी हातात पैसे नसताना वसूल होते.

हयातीच्या दाखल्याबद्दल थोडक्यात, पण काळजीने. पेन्शन अचानक बंद होण्याचं सर्वात मोठं कारण हेच आहे. जीवन प्रमाण ही ऑनलाइन हयातीच्या दाखल्याची सेवा वापरताना स्पर्शचा १२ अंकी पीपीओ क्रमांक टाकायचा, जुना नाही. मंजुरी देणारं कार्यालय संरक्षण, पीसीडीए (पेन्शन) असं आणि पेन्शन देणारी संस्था स्पर्श अशी निवडायची. सवयीने इथे आपली बँक निवडली की दाखला निघतो, मोबाइलवर प्रमाण आयडीही येतो, पण तो स्पर्शला पोचत नाही. म्हणून एसएमएस आला म्हणजे झालं असं समजू नका. काही दिवसांनी लॉगिन करून ओळखपडताळणीची पुढची तारीख सरकली का ते बघा. अंगठ्याचे ठसे उमटत नसतील तर मोबाइलवरून चेहऱ्याची पडताळणी होते. त्यासाठी आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन ॲप लागतात. आधी फोन चालवणाऱ्याची, म्हणजे मुलाची किंवा सुनेची, पडताळणी होते आणि मग पेन्शनरची. उजेड समोरून हवा, पाठीमागे खिडकी नको, चष्मा काढून ठेवा, आणि सांगितल्यावर डोळे मिचकवा. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमन घरी येतो, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं शुल्क ७० रुपये.

मुंबईत कुठे जायचं हे दलावर अवलंबून आहे. नौदलाच्या माजी नौसैनिकांचं नशीब चांगलं, कारण त्यांची कागदपत्रं इथेच आहेत: मानखुर्दच्या चीता कॅम्पमधलं ब्युरो ऑफ सेलर्स, आयएनएस तानाजीच्या आवारातलं नौदल पेन्शन कार्यालय आणि कूपरेज रोडवरचं पीसीडीए (नेव्ही). लष्कराच्या जवानांना मात्र रेकॉर्ड ऑफिसशी पत्राने बोलावं लागतं, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. टक्केवारी, वर्ग, पत्नीचं नाव यांतलं काहीही बदलायचं असेल तर ते तिथून होतं. स्पर्शच्या खिडकीवर नाही. सेवा केंद्रातला मुलगा चांगला असला तरी तो फक्त अर्ज भरू शकतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. अर्ज कसा लिहावा, कोणता कागद लावावा, यासाठी मुंबई शहर आणि मुंबई उपनगर यांची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. तिथला कल्याण संघटक बहुधा स्वतः माजी सैनिक असतो आणि त्याला फौजेतले कागद वाचता येतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सायबर कॅफेपेक्षा तिथेच जावं, असं आमचं ठाम मत आहे. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन, पासबुक, प्रत्येकाच्या दोन प्रती न्या, आणि मूळ कागद कुणाच्याही हवाली करू नका.

मेडिकल बोर्डाने ‘सेवेशी संबंध नाही’ असं लिहून दावा नाकारला असेल तर सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं, तेही फेटाळलं तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरं. नकाराचं पत्र डिस्चार्ज बुकातल्या पत्त्यावर जातं. माणूस चेंबूरला राहतो आणि पत्र साताऱ्याच्या किंवा चिपळूणच्या गावच्या घरी पडून राहतं, मुदत निघून जाते. म्हणून पत्ता बदलणं हे क्षुल्लक काम समजू नका. अपिलाआधी माहिती अधिकारात १० रुपये भरून रेकॉर्ड ऑफिसकडून बोर्डाचा एएफएमएसएफ-१६ हा पूर्ण फॉर्म मागवा. त्यात बोर्डाने कारण काय लिहिलंय ते वाचा. कारणच दिलेलं नसेल, आणि भरतीच्या वेळी तो आजार नोंदलेला नसेल, तर बाजू भक्कम होते. भरतीच्या वेळी निरोगी नोंदलेला जवान सेवेत आजारी पडला तर आजार सेवेमुळेच झाला असं मानायचं आणि तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी खात्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं आहे. दोन्ही अपिलं फेटाळली गेली तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. उशिरा गेल्यास हक्क मिळतो, पण थकबाकी बहुधा अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरती धरली जाते. राउंडिंगची प्रकरणं पाच-दहा वर्षं टाळत बसण्यात नुकसान आहे ते हे.

आयकराचं एक. २४ जून २०१९ च्या परिपत्रकानुसार, दिव्यांगत्वामुळे घरी पाठवलेल्यांच्या पेन्शनला सूट आहे, सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना नाही, आणि त्यावर वाद झाले. आपण कोणत्या गटात आहोत ते पीपीओवर बघून मगच रिटर्न भरा.

तक्रार नोंदवताना स्पर्शमध्ये एका तक्रारीत एकच मुद्दा लिहा. राउंडिंग, नावाची दुरुस्ती आणि थकबाकी एकाच अर्जात घातली तर एकाचं उत्तर देऊन सगळी तक्रार निकाली काढली जाते. ‘मला कमी पेन्शन मिळते’ असं लिहू नका. ‘बोर्डाची टक्केवारी ३०, राउंडिंगनंतर ५० हवी, गणनेयोग्य वेतन ४०,०००, देय एलिमेंट ६,०००, मिळतं ३,६००, सोबत पीपीओ आणि बोर्डाची प्रत’ असं लिहा. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा उत्तर मुद्द्याला धरून नसेल, तर तोच मजकूर, तोच क्रमांक देऊन केंद्र सरकारच्या सीपेनग्राम्स पोर्टलवर टाका.